संथ पावलांची वाट : रेव्हरंड नारायण वामन टिळक

रायपूर स्थानकावरून नागपूरकडे निघालेली गाडी दुर्ग ओलांडून तासा-सव्वा तासात राजनांदगावला पोहोचते. पुरानी बस्तीतील मराठी कुटुंबांना हा मार्ग घरच्या अंगणाइतका परिचयाचा आहे. लग्नकार्य असो, सुट्टीतले आजोळ असो वा महाराष्ट्रातील कुलदैवताचे दर्शन असो, आपली प्रत्येक वाट राजनांदगाववरूनच जाते. गाडी तेथे थोडा वेळ थांबते, चहावाल्यांचा गलबला होतो, गाडी पुढे निघते. मराठी काव्याच्या इतिहासातील एका मोठ्या वळणाशी या स्थानकाचे नाव जोडले गेले आहे, याची आठवण त्या घाईत कोणाला होत नाही.

१८९३ साली नागपूरहून राजनांदगावकडे येणाऱ्या गाडीत बत्तिशी न ओलांडलेला एक तरुण ब्राह्मण कवी बसला होता. संस्कृतचा व्यासंग, ओजस्वी वक्तृत्व आणि काव्याची उपजत देणगी एवढे धन त्याच्यापाशी होते. खिशात मात्र फारसे काही नव्हते, आणि मनाला स्वस्थता तर मुळीच नव्हती. तो तरुण म्हणजे नारायण वामन टिळक. मराठी वाचक त्यांना फुलामुलांचे कवी म्हणून ओळखतात. आपल्यापैकी अनेकांनी त्यांची कविता शाळेच्या बाकावर पाठ केली असेल. ज्या पावलांनी ते आयुष्यभर चालले, त्यांची हकिकत मात्र पाठ्यपुस्तकांत सहसा येत नाही. शाळेच्या हीरक महोत्सवाच्या निमित्ताने ती सांगण्याचा हा अल्प प्रयत्न आहे.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. वडील वामनराव सरकारी नोकरीत होते आणि त्यांचा स्वभाव अतिशय कडक होता. आई जानकीबाई मृदू आणि काव्यप्रेमी होत्या. काव्याचा वारसा नारायणास आईकडूनच मिळाला असावा. परंतु तो बालवयात असतानाच आई निवर्तली, आणि तिच्यामागे त्या घरात त्याचे मन रमले नाही. घर सोडून तो नाशिकला आला. तेथे गणेशशास्त्री लेले यांच्यासारख्या विद्वानाच्या चरणांशी बसून त्याने संस्कृतचे अध्ययन केले. काही काळ इंग्रजी शाळेतही तो शिकला. पण संसाराच्या ओढाताणीमुळे ते शिक्षण अपुरेच राहिले.

१८८० साली नाशिकजवळील जलालपूर येथील गोखले घराण्यातील मनकर्णिका हिच्याशी टिळकांचा विवाह झाला. वधू त्या वेळी सुमारे अकरा वर्षांची होती. विवाहानंतर तिचे नाव लक्ष्मी झाले. पुढे मराठी वाङ्मयात अढळ स्थान मिळविणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक त्या याच. त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्राचा पहिला भाग १९३४ साली प्रसिद्ध झाला. टिळकांचे जे चित्र आज आपल्यापुढे उभे राहते, ते मुख्यत्वे त्याच ग्रंथातून. ते चित्र भक्तिभावाने रंगविलेले असले तरी त्यात लपवाछपवी नाही. पतीच्या थोरवीइतक्याच मोकळेपणाने लक्ष्मीबाईंनी त्याचा उतावळेपणा, संताप आणि लहरीपणाही सांगितला आहे.

त्या साक्षीवरून पाहता, पूर्वायुष्यातील टिळक म्हणजे मूर्तिमंत घाई होती. आज या गावी, उद्या त्या गावी असा त्यांचा क्रम असे. कधी शिक्षकी, कधी व्याख्याने, कधी कीर्तन, कधी छापखान्यातील काम. मनात विचार आला की ते घराबाहेर पडत. पत्नी कधी माहेरी, कधी सासरी वाट पाहत राही. हाती आलेला पैसा समोर दिसेल त्या गरजवंताच्या हाती जाई आणि घरची चूल विचारात पडे. त्यांच्या औदार्याविषयी शंका घेण्याचे कारण नाही, पण त्या औदार्यालाही उसंत नव्हती. राग येई तोही तसाच झपाट्याने, आणि पश्चात्ताप होई तोही तितक्याच वेगाने. जे शोधायचे ते नेमके काय, हे ठाऊक नसलेल्या माणसाची ती धावाधाव होती.

नागपुरास आप्पासाहेब बुटी या धनिक आणि विद्याप्रेमी गृहस्थांचा आश्रय त्यांना मिळाला. वेदवाङ्मयाशी संबंधित ग्रंथकार्य त्यांच्याकडे आले. ‘ऋषि’ नावाचे मासिकही त्यांनी चालविले. या काळात धर्माविषयीचे त्यांचे चिंतन तीव्र होत गेले. जातिभेद त्यांना असह्य झाला होता. देशाचा उद्धार व्हावयाचा तर माणसामाणसांमधील भिंती कोसळल्या पाहिजेत, असे त्यांना वाटू लागले होते. एखादा नवा धर्मच स्थापावा, इथपर्यंत त्यांच्या विचारांची झेप गेली होती. पुढे नागपूरची व्यवस्था संपुष्टात आली, आणि उपजीविकेच्या शोधात त्यांनी राजनांदगाव संस्थानाची वाट धरली.

त्या काळी राजनांदगावच्या गादीवर बलरामदास हे बैरागी परंपरेतील राजे होते. रायपूरकरांना हे नाव परके नाही. खारून नदीचे पाणी रायपूर शहरास पुरविणारी आणि त्यांचेच नाव धारण करणारी जलपुरवठा योजना १८९२ साली त्यांच्या मोठ्या देणगीमुळे उभी राहिली. आपल्या पणजोबांच्या पिढीने नळाचे जे पहिले पाणी पाहिले, त्यामागे राजनांदगावचा हात होता. त्याच संस्थानाकडे निघालेल्या टिळकांच्या हाती गाडीत एक वेगळेच दान पडले.

डब्यात एक युरोपीय गृहस्थ बसले होते. गोऱ्या प्रवाशाकडून नेटिव माणसाने सौजन्याची अपेक्षा करू नये, असा तो काळ होता. या गृहस्थांनी मात्र टिळकांना आदराने वागविले. संभाषण संस्कृत काव्याकडे वळले आणि नंतर धर्माकडे. निरोप घेताना त्यांनी टिळकांच्या हाती बायबलमधील नव्या कराराची एक प्रत ठेवली. हा ग्रंथ मनापासून वाचलात तर दोन वर्षांच्या आत आपण ख्रिस्ती व्हाल, असा विश्वासही त्यांनी बोलून दाखविला. टिळकांना ते भाकीत विचित्र वाटले. दोघांची पुन्हा कधी भेट झाली नाही. मात्र दिलेला शब्द पाळायचा म्हणून टिळकांनी पुस्तक उघडले आणि महत्त्वाच्या जागी पेन्सिलीने खुणा करीत ते क्रमाने वाचावयाचे ठरविले.

येथे टिळकांच्या आयुष्याची गती प्रथमच बदलली. मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनापाशी ते येऊन पोहोचले आणि तेथेच थांबले. उद्याची चिंता वाहू नये, आकाशातील पाखरांकडे आणि रानातील फुलांकडे पाहावे, शत्रूवरही प्रेम करावे, ही शिकवण त्यांना पुढे जाऊ देईना. एरवी एका विषयावरून दुसऱ्यावर झेप घेणारे त्यांचे मन त्या तीन अध्यायांत गुंतून पडले. जे प्रश्न घेऊन ते वर्षानुवर्षे धावत होते, त्यांची उत्तरे एका जागी बसून वाचताना त्यांना मिळू लागली. रानफुलांवर जीव टाकणाऱ्या या कवीला फुलांचा दाखला देणाऱ्या गुरूची ओढ वाटावी, यात नवल ते काय!

त्यांनी तत्काळ धर्मांतर केले नाही. वाचन, मनन, ख्रिस्ती विद्वानांशी पत्रव्यवहार आणि स्वतःशी झगडा यांत सुमारे दोन वर्षे गेली. अखेर १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत अमेरिकन मिशनच्या मंडळीत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तो विधी गोऱ्या मिशनऱ्याच्या हातून न होता तुकारामजी नथोजी या भारतीय पाळकांच्या हातून झाला. ख्रिस्ताला स्वीकारताना आपले भारतीयत्व सोडावयाचे नाही, हा त्यांचा बाणा त्या पहिल्या पावलातच दिसून येतो.

या निर्णयाचे मूल्यमापन करताना एक गोष्ट मात्र निखळ सत्य म्हणून सांगितली पाहिजे. ज्या विचाराला टिळकांनी स्वतः दोन वर्षे दिली, तो विचार पत्नीपुढे एका घावासारखा आला. ते आपल्या मनाशी संथपणे चालत राहिले, परंतु त्या वाटेवर लक्ष्मीबाईंना त्यांनी बरोबर घेतले नव्हते. पदरी लहानगा दत्तू, समाजात झालेली नाचक्की आणि जिवंत पतीपासून झालेली ताटातूट यांमुळे त्या पार खचून गेल्या. नातलगांच्या आधाराने नाशिक, पंढरपूर येथे दिवस काढू लागल्या. एक माणूस आपली शांती शोधतो तेव्हा तिची किंमत कधी कधी दुसऱ्याला मोजावी लागते. टिळकांच्या चरित्रातील हा भाग झाकून ठेवला तर ते चरित्र राहणार नाही.

टिळकांच्या श्रद्धेची खरी कसोटी यानंतर लागली, आणि ती होती थांबण्याची कसोटी. पत्नीने आपल्या मागे यावे ही त्यांची तळमळ होती. कायद्याचा, पुरुषी अधिकाराचा किंवा मुलाच्या ताब्याचा आधार घेऊन तिला ओढून आणणे त्या काळी अशक्य नव्हते. त्यांनी ते केले नाही. पत्रे लिहिली, कविता लिहिल्या, भेटी घेतल्या आणि वाट पाहिली. चार वर्षांहून अधिक काळ ही ताटातूट चालली. उतावळ्या टिळकांनी एवढा काळ वाट पाहिली, हे त्यांच्या कोणत्याही काव्याइतकेच मोलाचे आहे.

लक्ष्मीबाई अखेर त्यांच्याकडे अहमदनगरला आल्या, त्या स्वतःचा धर्म आणि सोवळे घेऊनच. एका छपराखाली दोन स्वयंपाक होऊ लागले. टिळकांनी त्यांच्या आचाराला धक्का लावला नाही. पुढे माणसामाणसांतील भेद देवाने निर्माण केलेला नाही, ही जाणीव लक्ष्मीबाईंना कोणाच्या व्याख्यानातून नव्हे, तर स्वतःच्या विचारातून झाली. एकेक बंधन गळून पडत गेले, आणि १९०० साली त्यांनी स्वेच्छेने बाप्तिस्मा घेतला. पतीच्या धावेने त्या चालल्या नाहीत. त्या आपल्या पावलांनी चालत आल्या, आणि म्हणूनच शेवटपर्यंत ठाम राहिल्या.

अहमदनगरच्या ईश्वरविज्ञान विद्यालयात टिळक अध्यापन करीत. १९०४ साली त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली आणि राहुरीस त्यांनी मंडळीची सेवा केली. त्या प्रदेशावर दुष्काळ आणि प्लेग यांचे घाले पडले, तेव्हा टिळकांच्या घरात पोरक्या मुलांना थारा मिळाला. आपल्या ताटातले वाढून देताना जात विचारली गेली नाही. घरात पैसा पूर्वीइतकाच कमी होता आणि टिळकांचा दानशूरपणा पूर्वीइतकाच अवघड होता. परंतु आता त्याला एक दिशा होती.

याच घराने मराठी कवितेलाही एक मूल सांभाळून दिले. १९०७ साली जळगाव येथे भरलेल्या कविसंमेलनात त्र्यंबक बापूजी ठोमरे या सतरा वर्षांच्या मुलाने सर्वांना मोहून टाकले आणि तो बालकवी म्हणून ओळखला जाऊ लागला. टिळकांनी त्याला अहमदनगरला आपल्या घरी आणले. लक्ष्मीबाईंनी त्याच्यावर आईसारखी माया केली. त्याला ख्रिस्ती करावे असा हट्ट टिळकांनी धरला नाही. त्याच्या प्रतिभेला अवकाश द्यावा, तिला तिच्या ऋतूत फुलू द्यावे, एवढेच त्यांनी पाहिले. पाळकाचे आणि शिक्षकाचे काम किती सारखे आहे, हे या एका उदाहरणावरून ध्यानी यावे.

टिळकांपूर्वी मराठी ख्रिस्ती उपासनेत परदेशी चालींवर बसविलेली भाषांतरित गीते बरीच होती. टिळकांनी तेथे अभंग, ओवी, पद आणि कीर्तन आणले. हा बदल केवळ चालीचा नव्हता. अभंगाला स्वतःची गती असते. टाळ वाजतो, ध्रुवपद पुन्हा पुन्हा येते, एकच चरण दहा वेळा आळविला जातो आणि दहाव्या वेळी त्याचा अर्थ मनात उतरतो. भजनाला बसलेल्या माणसाला कोठे पोहोचावयाचे नसते. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, अशी टिळकांची भावना होती. वारकऱ्यांची पायी वाटचाल आणि गालीलातील गुरूची पायी भ्रमंती त्यांच्या दृष्टीने एकमेकींना अनोळखी नव्हत्या. ‘उपासना संगीत’ या मराठी ख्रिस्ती गीतसंग्रहात त्यांची गीते मोठ्या संख्येने समाविष्ट आहेत. आजही रविवारी मराठी मंडळ्यांमधून ती गायिली जातात. आठवड्यातील एक दिवस कामाची गाडी थांबवून ईश्वरापुढे बसावे, ही ख्रिस्ती परंपरा टिळकांच्या गीतांमुळे मराठी कानांना आपली वाटू लागली.

१९१२पासून ‘ज्ञानोदय’ या जुन्या नियतकालिकाच्या मराठी विभागाचे संपादन त्यांच्याकडे होते. १९०९ साली त्यांनी ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध महाकाव्य आरंभिले होते, त्याचेही काम अधूनमधून चाले. कीर्ती होती, मान होता, मिशनचे वेतन नियमित मिळत होते. एवढ्यावर कोणीही समाधान मानले असते. टिळकांना मात्र या स्थैर्यातच एक अडथळा दिसू लागला. वेतनाच्या आधाराने केलेली सेवा लोकांना चाकरी वाटते, मिशनच्या आवारात राहणारा ख्रिस्ती आपल्याच देशबांधवांना परका होतो, हे शल्य त्यांना बोचत होते.

१९१७ साली त्यांनी मिशनचे वेतन सोडले. वय पंचावन्न उलटलेले, प्रकृती ढासळलेली. या वयात माणसे साठविलेल्याचा हिशेब करतात, टिळकांनी होते तेही सोडले. सातारा येथे त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे ख्रिस्ताचे सर्व अनुयायी तेथे बंधुभावाने एकत्र यावेत, ही त्यामागील कल्पना होती. एके काळी टिळक घराबाहेर पडत तेव्हा त्यांना आपण कोठे चाललो आहोत हे ठाऊक नसे. आता ते निघाले ते एका निश्चित ध्येयाने. वरवर पाहणाऱ्यास तीच जुनी लहर वाटली असेल. पण लहरीने केलेला त्याग आणि वीस-बावीस वर्षे मनात मुरलेला त्याग यांत अंतर आहे.

त्या दरबारास फार आयुष्य लाभले नाही, कारण टिळकांनाच ते लाभले नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात त्यांचे देहावसान झाले. ‘ख्रिस्तायन’ अपुरेच राहिले होते. ते लक्ष्मीबाईंनी हाती घेतले. रीतसर शाळेचे तोंड न पाहिलेली, पतीकडून अक्षरे शिकलेली, पावलोपावली थांबून विचार करणारी ही स्त्री पुढे वर्षानुवर्षे ओव्या रचीत राहिली, आणि त्या काव्याचा फार मोठा भाग तिच्या लेखणीतून उतरला. आयुष्यभर पुढे धावणाऱ्या कवीचे काम मागून संथ येणाऱ्या सहचरीने तडीस नेले. फेब्रुवारी १९३६मध्ये लक्ष्मीबाईही गेल्या.

टिळक ख्रिस्ती झाले आणि लगेच शांत झाले, असे म्हणणे वास्तवाला धरून होणार नाही. त्यांचा संताप, त्यांची तडकाफडकी निघण्याची खोड अखेरपर्यंत पूर्णपणे गेली नाही. ‘स्मृतिचित्रे’ वाचणारा प्रत्येक जण हे जाणतो. तरीही त्यांच्या उत्तरायुष्यात काही फरक निश्चित पडला होता. पूर्वी घाई त्यांना नेई तिकडे ते जात. पुढे घाई उसळली तरी तिला थोपविणारे काहीतरी त्यांच्यापाशी होते. रोजची प्रार्थना, रविवारची विश्रांती आणि भजनाची बैठक या साध्या गोष्टींनी त्या वादळी स्वभावाला वेळोवेळी किनाऱ्यास लावले. संथपणा ही त्यांना जन्मतः मिळालेली देणगी नव्हती. ती त्यांनी रोज नव्याने केलेली साधना होती, आणि म्हणूनच ती आपल्यासारख्या सामान्यांनाही आशा देते.

आपली शाळा साठ वर्षांची झाली. या वर्षांत हिंदी प्रदेशाच्या मध्यभागी मराठीचा दिवा तेवत ठेवण्याचे काम तिने केले, तेही कोणताही गाजावाजा न करता. दरवर्षी जूनमध्ये एक नवी तुकडी येते, पाटीवर श्रीगणेशा गिरविते, अडखळत पहिली ओळ वाचते. या कामाला घाई करता येत नाही. आज पालक शाळेच्या दारात येतात तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर एक काळजी असते. मूल मागे तर पडणार नाही ना? शिकवणी, परीक्षा, स्पर्धा यांच्या गर्दीत मुलाला फूल पाहावयासही सवड उरत नाही. ही काळजी खोटी नाही. काळ खरोखरच वेगाचा आहे. पण फुलामुलांच्या या कवीचे चरित्र आपणास विचारते की मूल कोठे चालले आहे, हे आपण त्याच्याशी बसून कधी बोललो आहोत काय? आणि ते आपल्या पावलांनी चालत येईपर्यंत थांबण्याची आपली तयारी आहे काय? टिळक हा धडा उशिरा आणि मोठी किंमत देऊन शिकले. लक्ष्मीबाईंना त्यांनी दिलेली ती चार वर्षे प्रत्येक पालकाने आणि प्रत्येक शिक्षकाने मनाशी जपावीत.

पुढच्या वेळी नागपूरला जाताना गाडी राजनांदगावला थांबेल. खिडकीजवळ बसलेल्या आपल्या मुलाला किंवा नातवाला तेवढ्या वेळात ही गोष्ट सांगावी. याच मार्गावर एका अस्वस्थ माणसाच्या हाती एक पुस्तक पडले, त्याने ते सावकाश वाचले, आणि त्या वाचनातून त्याच्या आयुष्याला वाट सापडली. गोष्ट संपण्याआधी गाडी सुटली तरी हरकत नाही. नागपूरपर्यंतचा प्रवास बराच लांबचा आहे.